डिशवॉशरमध्ये काचेचे ग्लास धुरकट होऊ नयेत म्हणून : आधी निदान, मग उपाय

डिशवॉशरमधून काढलेला काचेचा ग्लास उजेडासमोर धरला आणि पलीकडचे सारे धुक्यातून पाहावे तसे दिसले, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर पुढच्या वेळी डिटर्जंट थोडे जास्त घालतात, नाही तर अधिक गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावतात. काच कायमची खराब करायची असेल तर या दोन्हींइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही. ग्लास धुरकट होण्याची मुख्य कारणे दोन आहेत आणि त्यांवरचे उपाय जवळजवळ परस्परविरोधी आहेत. म्हणून आपल्या ग्लासांना नेमके काय झाले आहे हे कळण्याआधी मशीनच्या कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.

हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगत आहे. 2020 च्या टाळेबंदीत अनेकांच्या घरी डिशवॉशर आला, तसा आमच्याकडेही आला. आमची सोसायटी पुण्याच्या वेशीवरची, तिथे बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. महिनाभरातच सरबताच्या ग्लासांवर पांढुरका थर दिसू लागला. पाण्यातले क्षार काढण्यासाठी मशीनमध्ये जे मीठ घालतात ते भरून आणि त्याचे सेटिंग वाढवून तो गेला, आणि मी स्वतःला या विषयातली जाणकार समजू लागले. पुढे दादरच्या मावशीने तीच तक्रार सांगितली, तेव्हा मी फोनवरूनच तिला मिठाचे सेटिंग सर्वांत वर न्यायला आणि जोरदार प्रोग्रॅम लावायला सांगितले. तिच्या नळाला येणारे पाणी महापालिकेच्या तलावांतले, मुळातच हलके, म्हणजे कमी क्षारांचे. सहा महिन्यांत तिचे लग्नातल्या आहेराचे सहा ग्लास असे झाले की कशानेही उजळेनात.

आधी ओळखून घ्या

चाचणी अगदी सोपी आहे. धुरकट ग्लासाचा अर्धा भाग बुडेल इतके पांढरे व्हिनेगर एका वाडग्यात घ्यावे, किंवा अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, विरघळवून घ्यावे. ग्लास त्यात पंधरा-वीस मिनिटे आडवा ठेवून नंतर साध्या पाण्याने धुवावा आणि पूर्ण कोरडा करून पाहावा. कोरडा करणे महत्त्वाचे आहे, कारण ओली काच नेहमीच स्वच्छ दिसते आणि फसवते. बुडलेला भाग लख्ख आणि उरलेला धुरकट अशी सरळ रेघ दिसली, तर तो पाण्यातल्या क्षारांचा थर आहे आणि तुमची काच शाबूत आहे. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा काचेचा पृष्ठभागच झिजला आहे. क्षारांचा थर नखाने किंचित खरवडला जातो आणि बोटाला खरखरीत लागतो. झिजलेल्या काचेवर मात्र खरवडण्यासारखे काही नसते. झिजेच्या सुरुवातीला काचेवर पाण्यात सांडलेल्या तेलासारखी सप्तरंगी झाक दिसते, पुढे कडेलगत आडव्या बारीक रेषा किंवा वलये उमटतात आणि शेवटी सगळा ग्लास दुधाळ होतो. ही झाक दिसली की तेव्हाच सावध व्हावे, कारण पुढच्या पायऱ्यांवरून मागे येता येत नाही.

क्षारांचा थर : पाण्याचा दोष

शाळेच्या पुस्तकात आपण दुष्फेन पाणी आणि सुफेन पाणी असे शब्द पाठ केले, पण घरातल्या माणसांना ते पाणी त्याआधीपासून ओळखता येत होते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, ते दुष्फेन पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापले की बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. गीझरच्या कॉइलवर जाड पापुद्रा धरतो तो याचाच. डिशवॉशरमध्ये तेच काचेवर बसते. पाणी जितके अधिक तापवावे तितका थर अधिक बसतो, म्हणून प्रोग्रॅम वाढवून हा त्रास वाढतो, कमी होत नाही.

महाराष्ट्रात दोन शेजारच्या इमारतींतही पाण्याचा स्वभाव वेगळा असू शकतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या जलाशयांचे पाणी येते आणि पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासल्याचे. ही दोन्ही पाणी हलकी आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुरलेले भूजल मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येते. त्यामुळे बोअरवर किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत हे पाणी चांगलेच जड, म्हणजे दुष्फेन असते. दोन्ही पाण्यांचे मिश्रण होत असेल तर आठवड्याआठवड्याला फरक पडतो. म्हणून शहराचे नाव पाहून सेटिंग ठरवू नये. आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी तपासावे.

तपासण्यासाठी दुष्फेनतेच्या पट्ट्या किंवा थेंब मोजण्याचा संच ऑनलाइन आणि मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानांतही मिळतो. थेंबांच्या संचात पाण्याला आधी लालसर रंग येतो आणि तो निळा किंवा हिरवा होईपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचे असते. प्रत्येक थेंबाचे मूल्य संचावर छापलेले असते. टीडीएस मीटरवर मात्र या कामासाठी विसंबू नये. तो पाण्यातल्या सगळ्याच विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यांतले कॅल्शियम किती आणि साधे मीठ किती, हे त्याला कळत नाही. आणखी एक चूक हमखास होते, ती म्हणजे आरओच्या नळाचे पाणी तपासणे. डिशवॉशरला आरओचे पाणी जात नाही. सोसायटीने स्वतंत्र सॉफ्टनर बसवला असेल तर त्यानंतरचे पाणी तपासावे, कारण मशीनला तेच मिळते.

आकडा हाती आला की त्याचा अर्थ लावणे अवघड नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या भारतीय मानकात एकूण दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजून, दर लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतली आहे. ही मर्यादा पिण्याची आहे. काचेवर डाग पडायला 200 पुष्कळ झाले. डिशवॉशरच्या माहितीपुस्तिकांत बहुधा जर्मन अंश वापरतात. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम, त्यामुळे 200 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 11 अंश आणि 600 म्हणजे सुमारे 34 अंश. पुस्तिकेतल्या तक्त्यात आपला आकडा शोधून त्यासमोर दिलेले सेटिंगच लावावे, त्याहून वरचे नाही.

हे सेटिंग नेमके कशाचे असते, याबद्दल बराच गैरसमज आहे. डिशवॉशरमध्ये घालायचे मीठ भांडी धुण्यासाठी नसते. मशीनच्या तळाशी राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो. हे मणी येणाऱ्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही धुण्यांनंतर मणी भरून जातात, तेव्हा मशीन मिठाचे तीव्र पाणी त्यांच्यातून फिरवून त्यांना पुन्हा कामाचे करते आणि उतरलेले क्षार गटारात सोडते. मीठ संपले की हे चक्र थांबते आणि दोन-चार दिवसांत काच बोलू लागते. सेटिंग म्हणजे ही धुलाई किती वेळा करायची याची सूचना.

मीठ डिशवॉशरसाठीचेच, जाड आणि शुद्ध घ्यावे. आपल्या घरातल्या बारीक मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्ये असतात. बाजारातल्या खड्याच्या मिठात मॅग्नेशियम आणि मातीचा अंश असतो. दोन्हींमुळे कप्पा चोंदतो. पहिल्यांदा भरताना कप्प्यात आधी पाणी भरावे लागते, नंतर लागत नाही. भरताना थोडे मीठ बाहेर सांडतेच. ते तसेच राहिले तर स्टीलला गंज धरतो, म्हणून लगेच एक धुणे चालवावे. चुकूनही त्या कप्प्यात डिटर्जंट घालू नये, कारण त्याने राळ निकामी होते आणि दुरुस्तीचा खर्च सहा ग्लासांच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. झाकण घट्ट बसले आहे ना, हेही पाहावे. ते सैल राहिले तर मीठ धुण्याच्या पाण्यात उतरते आणि सगळ्याच भांड्यांवर पांढरट थर दिसतो. तो ओल्या बोटाने सहज पुसला जातो, आणि शंका असेल तर बोट जिभेला लावून पाहावे, खारट लागते.

‘सगळे काही एकात’ असे लिहिलेल्या गोळ्या वापरल्या की मीठ लागत नाही, असे विक्रेते सांगतात. मध्यम पाण्यात ते खरेही असते. अनेक उत्पादक या गोळ्यांची मर्यादा सुमारे 21 जर्मन अंश सांगतात, म्हणजे लिटरला साधारण 375 मिलिग्रॅम. त्यापुढे गोळी असो वा पावडर, मीठ भरावेच लागते. आमच्याकडे जड पाण्यात पावडर, मीठ आणि रिन्स एड (शेवटच्या खळबळणीत सुटणारे द्रव्य) हे तीन वेगवेगळे घातल्यावरच काच सुधारली. स्वस्तही पडते, कारण प्रत्येकाचे प्रमाण आपल्या हातात राहते.

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतल्या बहुतेक डिशवॉशरांत मिठाचा कप्पाच नसतो, त्यामुळे वरचे सगळे त्यांना लागू पडत नाही. त्यांना रिन्स एड आणि डिटर्जंटचे प्रमाण यांवरच भिस्त ठेवावी लागते, किंवा घराला सॉफ्टनर बसवावा लागतो. ‘पूर्वी ग्लास असे होत नव्हते’ ही तिकडची तक्रार मात्र निराधार नाही. डिटर्जंटांतले फॉस्फेट कॅल्शियमला पाण्यात बांधून ठेवत असे. नद्या-तलावांत शेवाळ माजू नये म्हणून अमेरिकेच्या अनेक राज्यांनी 2010 मध्ये आणि युरोपीय संघाने 2017 च्या आरंभापासून घरगुती डिशवॉशर डिटर्जंटांतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातल्या. पाण्यासाठी ते योग्यच झाले. फॉस्फेट करत असलेले काम आता मीठ, रिन्स एड आणि आपले लक्ष यांनी मिळून करायचे आहे.

रिन्स एड हे शेवटच्या खळबळणीत आपोआप सुटणारे द्रव्य आहे. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. मग पाणी थेंबाथेंबाने न थांबता पातळ पडद्यासारखे काचेवरून ओघळून जाते. थेंब जागीच सुकला तर त्यातले क्षार गोल डाग होऊन राहतात. थेंब उरलाच नाही तर डागही उरत नाही. याचेही प्रमाण बदलता येते. गोल डाग दिसत असतील तर एक अंक वाढवावा. निळसर पट्टे किंवा चिकटसर झाक दिसली तर एक अंक कमी करावा आणि प्रत्येक बदलानंतर तीन-चार धुणी वाट पाहावी. रिन्स एडच्या कप्प्यात व्हिनेगर भरण्याचा घरगुती सल्ला वारंवार ऐकू येतो, तो मानू नये. आम्ल तिथे कायम राहिल्याने रबरी भाग लवकर खराब होतात.

झीज : उपायाचा अतिरेक

मावशीच्या ग्लासांचे जे झाले ते समजण्यासाठी काचेची घडण थोडी पाहावी लागते. रोजच्या वापरातले स्वस्त ग्लास, कटिंग चहाचे ग्लास, बरण्या हे सगळे सोडा-चुन्याच्या काचेचे असतात. त्यात सुमारे 70 ते 75 टक्के सिलिका असते आणि बाकीचा मोठा भाग सोडा व चुना. सिलिकाच्या जाळीत अडकलेले सोडियम गरम पाण्यात हळूहळू बाहेर निघते, आणि पाणी तीव्र अल्कधर्मी असेल तर जाळीच विरघळू लागते. डिशवॉशरचे डिटर्जंट तेल तोडण्यासाठी मुद्दाम अल्कधर्मी केलेले असते. त्यात तापमान जास्त, वेळ जास्त आणि पाणी फारच हलके, हे सगळे जुळून आले की प्रत्येक धुण्याला काच सूक्ष्म प्रमाणात झिजते. पाण्यात थोडे कॅल्शियम असेल तर काचेला काही संरक्षण मिळते. ते संपूर्ण काढून टाकण्याचा हव्यास इथे अंगाशी येतो. तलावाच्या हलक्या पाण्यावर मिठाचे सर्वांत वरचे सेटिंग लावायला सांगणे हा माझा सल्ला म्हणजे निरोगी माणसाला औषध देण्याचा प्रकार होता.

हलके पाणी असलेल्या घरात काय करावे, याचे उत्तर बहुतेक बाबतीत ‘कमी करावे’ असेच आहे. पाणी तपासून मिठाचे सेटिंग तक्त्याप्रमाणे खाली आणावे. काही मशीनांत ते शून्यावर नेता येते. डिटर्जंटचे प्रमाण भांड्यांच्या तेलकटपणावर ठरवावे. डब्यात जागा आहे म्हणून तो काठोकाठ भरू नये. गोळीचे प्रमाण कमी करता येत नाही, म्हणून अशा घरांत पावडर बरी. मशीन अर्धीच भरली असेल तर पावडरही त्या मानाने कमी घालावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीशी निगडित आहे. आपल्याकडे फोडणीची कढई, कुकर आणि रश्शाचे पातेले रोज निघतात, त्यांना 70 अंशांचा जोरदार प्रोग्रॅम लागतो आणि रिकामी जागा दिसली की वरच्या जाळीत ग्लास भरले जातात. ग्लासात होते फक्त पाणी किंवा सरबत, पण त्यांना शिक्षा मिळते कढईची. ग्लास दोन-तीन दिवसांचे साठवून, सोबत कप-बशा घेऊन, काचेसाठीच्या 40 ते 50 अंशांच्या हलक्या प्रोग्रॅमवर वेगळे धुवावेत. जड पाण्याच्या घरातही हीच पद्धत चांगली, कारण कमी तापमानात क्षारही कमी बसतात. दोन्ही दोषांवर लागू पडणारा असा हा जवळजवळ एकच उपाय आहे. एवढे ग्लास घरात नसतील तर सरळ हाताने विसळावेत. चार ग्लास विसळायला दोन मिनिटे लागतात आणि त्यात काही कमीपणा नाही.

धुणे संपल्यावर ग्लास गरम वाफेत रात्रभर बंद ठेवू नयेत. प्रोग्रॅम संपला की दहा-पंधरा मिनिटांनी दार अर्धवट उघडावे. मशीन ओट्याखाली असेल तर वाफ प्लायवूडला लागून तो फुगू नये म्हणून दार पुरेसे खाली ओढावे. रात्री उशिरा मशीन लावून झोपण्याची सवय असल्यास, निदान ग्लासांचे धुणे तरी संध्याकाळी उरकावे.

इतर किरकोळ कारणे

दूध, ताक आणि लस्सीच्या ग्लासांवर उरणारा ओशट पडदा क्षारांचाही नसतो आणि झिजेचाही नसतो. तो दुधातल्या प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा असतो आणि आम्लाने जात नाही. असे ग्लास रिकामे होताच गार पाण्याने विसळून ठेवावेत, कारण वाळलेले दूध गरम पाण्यात आणखी घट्ट बसते. डिटर्जंट एन्झाइमयुक्त असावे. करडी किंवा काळपट झाक दिसली तर मशीनमध्ये ॲल्युमिनियमचे काही गेले आहे का ते पाहावे. कुकरमधली जुनी भांडी आणि ॲल्युमिनियमची झाकणे अल्कधर्मी पाण्यात काळी पडतात आणि त्यांचा रंग शेजाऱ्यालाही लावतात. तळाची गाळणी आठवड्याला धुतली नाही तर भाताची शिते आणि मसाला पुन्हा पाण्यात फिरतो. रिकामी मशीन महिन्या-दोन महिन्यांनी लिंबूफूल घालून गरम प्रोग्रॅमवर चालवली तर आतला थरही निघतो, मात्र त्या वेळी सोबत डिटर्जंट घालू नये.

मांडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ग्लास वरच्या जाळीत, उपडे, थोडे कलते ठेवावेत, म्हणजे बुडाच्या खळगीत पाणी साचत नाही. ते एकमेकांना किंवा स्टीलच्या वाट्यांना लागू नयेत, नाही तर धुताना हलून चरे पडतात आणि बारीक चऱ्यांचे जाळे लांबून धुरकटपणासारखेच दिसते. वरचा फवारा हाताने फिरवून कशाला अडत नाही ना, हे पाहावे.

आधीच धुरकट झालेल्या ग्लासांचे काय

चाचणीत क्षार ठरले असतील तर एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूफूल घालून ग्लास वीस मिनिटे बुडवावेत, मऊ स्पंजने पुसावेत, साध्या पाण्याने धुवावेत आणि सुती कापडाने कोरडे करावेत. थर जुना असेल तर दोनदा करावे लागते. तारेची घासणी, राख किंवा खरखरीत पावडर वापरू नये. सोनेरी किनारीचे आणि रंगवलेले ग्लास आम्लात बुडवू नयेत. असे ग्लास, तसेच जुने क्रिस्टल, मुळात डिशवॉशरमध्ये जाऊच नयेत.

झीज ठरली असेल तर पैसे खर्च करू नयेत. ‘काच पुन्हा नवी’ अशा जाहिराती दिसतात, पण विरघळून गेलेली काच परत येत नाही. तेल चोळल्याने ती काही तास चमकते, एवढेच. असे ग्लास देवघरात तेलाचा दिवा ठेवायला, मनीप्लँटच्या फांदीला किंवा उदबत्तीला उपयोगी पडतात. नवे घेताना बोरोसिलिकेट काचेचे घ्यावेत. त्यात सिलिका सुमारे 80 टक्के असते आणि सोड्याचे प्रमाण बरेच कमी, त्यामुळे ती जास्त काळ टिकते. खोक्यावर डिशवॉशरची खूण आहे ना, तेही पाहून घ्यावे.

शेवटची तपासणी मोसमाशी बांधून ठेवावी. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये टँकर सुरू होतात तेव्हा, आणि पुन्हा पावसाळा स्थिरावल्यावर ऑगस्टमध्ये, मी नळाचे पाणी थेंबांच्या संचाने मोजते आणि मिठाचे सेटिंग बदलते. दोन्ही आकडे ओट्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. मावशीलाही तो संच पाठवला. तिच्या नळाला पाच अंश निघाले. तिचे सेटिंग आता खालून पहिले आहे.